काळा घोड्याचे 'समोवार' नेमके का बंद झाले, आणि त्याचे आज काय शिल्लक आहे?

धागाकर्ता : रेषारंग

सर्वांना नमस्कार.

मुंबईत काळ्या घोड्याला असलेल्या जहांगीर कलादालनातले 'समोवार' हे उपाहारगृह १९६४ साली सुरू झाले आणि ३१ मार्च २०१५ रोजी कायमचे बंद झाले. माझी भाची सध्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकते आहे. तिने मध्यंतरी मला विचारले की प्रदर्शन पाहून झाल्यावर तुम्ही मंडळी कुठे बसत होता. उत्तर देताना माझ्या लक्षात आले की समोवारच्या चवी आणि तिथले चेहरे मला पुष्कळ आठवतात, पण ते चालले कसे आणि थांबले का, याची नीट संगती मला लावता येत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. प्रदर्शनाच्या दालनांना लागून, वस्तुसंग्रहालयाच्या आवाराकडे तोंड करून असलेली ती आगगाडीच्या डब्यासारखी लांबट आणि अरुंद जागा होती. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला बागेतली झाडे आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, त्यामुळे वेटर ट्रे घेऊन आला की बसलेल्याला खुर्ची पुढे ओढून घ्यावी लागे आणि त्या निमित्ताने शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाशी नजरानजर होई. पावसाळ्यात बाहेरची हिरवळ इतकी गडद होई की आत बसलेल्यांच्या चेहऱ्यांवरही किंचित हिरवट उजेड पडे. रंगांचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना हा उजेड कोणत्याही वर्गात पाहायला मिळाला नसता. भिंतीला टेकवून ठेवलेले ड्रॉइंग बोर्ड, टेबलावर पुदिन्याचा चहा आणि एका बशीतली भजी चौघांत, अशा थाटात आमची दुपार जात असे. कीमा पराठा मात्र कोणाचे चित्र विकले गेले तरच यायचा.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. गिऱ्हाईक कमी झाल्यामुळे ते बंद पडले, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का? तिथे इतका वेळ बसू दिले जात होते, ते मालकांच्या स्वभावामुळे की जागेच्या काही सोयीमुळे? आणि आज ती जागा आतून कशी होती हे एखाद्या नव्या मुलीला दाखवायचे असेल, तर कुठे दाखवता येईल? आपल्यापैकी जे तिथे नियमित जात होते त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : फोर्टातला वाचक

आपण अतिशय योग्य विषय काढला आहे. माझी नोकरी हुतात्मा चौकाजवळ होती आणि समोवार माझ्या वाटेवर होते, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहू शकतो.

गिऱ्हाईक कमी झाले म्हणून समोवार बंद पडले, हे अजिबात खरे नाही. शेवटच्या वर्षांतही दुपारी टेबल मिळविण्यासाठी थांबावे लागत असे, आणि बंद होणार ही बातमी पसरल्यावर तर अखेरच्या दिवसांत रांगा लागल्या होत्या. प्रश्न जागेचा होता. कलादालनाला ती जागा स्वतःच्या उपयोगासाठी परत हवी होती, समोवारला ती सोडायची नव्हती, वाद न्यायालयात गेला, बरीच वर्षे चालला आणि शेवटी २०१५ च्या मार्चअखेरीस जागा रिकामी करून देण्यात आली. यात एकाला खलनायक ठरविण्याची मला इच्छा नाही. जहांगीर कलादालन हे चित्रे दाखविण्यासाठी उभारलेले दालन आहे; तिथे प्रदर्शनाची तारीख मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षे थांबतात, आणि अशा संस्थेने आपल्या इमारतीतली जागा मागितली तर त्या मागणीत तथ्य नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही त्या मागणीने जे गेले ते दुसरीकडे उभे करता येण्याजोगे नव्हते, आणि माझ्या मते मुख्य दुःख हेच आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. समोवार उषा खन्ना यांनी सुरू केले आणि अखेरपर्यंत त्याच्यामागे त्याच होत्या. (संगीतकार उषा खन्ना वेगळ्या, हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो.) त्यांचा आतिथ्यशील स्वभाव हे एक कारण होतेच. पण मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे कलादालनाचे वेळापत्रक. जहांगीरमधली प्रदर्शने मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. म्हणजे ज्याचे प्रदर्शन लागले आहे तो चित्रकार आठवडाभर सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत तिथे अडकलेला. रिकाम्या दालनात स्वतःच्याच चित्रांपुढे तो किती वेळ बसणार? मग दालनात एखाद्या मित्राला बसवून तो समोवारमध्ये येई, आणि कोणी चौकशी करणारा आला की मित्र त्याला बोलावून नेई. पाहणारा, विकत घेणारा, वर्तमानपत्रात लिहिणारा आणि चित्र काढणारा हे चौघे एका छपराखाली चहा घेत, आणि दर मंगळवारी त्यांतला चित्रकार बदलत असे. म्हणून तिथे जाणाऱ्याला मकबूल फिदा हुसेन दिसणे ही जशी शक्यता होती, तसेच साताऱ्याहून किंवा नागपूरहून पहिल्यांदाच चित्रे घेऊन आलेला कोणी गांगरलेला तरुण त्याच्या शेजारच्या टेबलावर दिसणे ही देखील होती. काळ्या घोड्याला पुढे कितीही चांगली उपाहारगृहे निघाली, तरी ती रस्त्यावरची आहेत. दालनाच्या आत, चित्रांपासून चार पावलांवर असण्याचा जो गुण होता, तो पाककृतीबरोबर उचलून नेता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बासू चटर्जी यांच्या 'छोटी सी बात' या सत्तरच्या दशकातल्या चित्रपटात अमोल पालेकर, विद्या सिन्हा आणि असरानी यांचा हॉटेलातला जो प्रसंग आहे, तो समोवारमध्ये चित्रित झालेला आहे. पालेकर स्वतः जे. जे. चे विद्यार्थी. भाचीला तो प्रसंग दाखवा, आणि पात्रांच्या पाठीमागे पाहायला सांगा.

प्रतिसाद २ : गिरगाव नाका

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे. मात्र एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही, आणि ती कोणाचे मन दुखविण्यासाठी मांडत नाही.

समोवार सर्वांचे होते, असे आज म्हटले जाते. आमच्या चाळीतल्या मुलांना ते तसे वाटत नसे. आम्ही प्रदर्शने पाहायला जात होतो, कारण जहांगीरमध्ये तिकीट नव्हते. पण समोवारच्या दाराशी आलो की पाय अडखळत. आत चाललेले बोलणे बहुतेक इंग्रजीत, मधूनच हसण्याचा मोठा आवाज, काही टेबलांवर बिअर. खिशात पैसे असले तरी मागवायचे कसे आणि बसायचे कुठे, हा संकोच असे. माझ्या एका मित्राने, जो पुढे चांगला चित्रकार झाला, पहिली कित्येक वर्षे बाहेरच्या पदपथावर मांडलेली चित्रे पाहण्यातच समाधान मानले. त्याला आत कोणी अडविले नसते, हे आता कळते. तेव्हा कळत नव्हते.

आमच्या बसण्याच्या जागा म्हणजे इराण्यांची हॉटेले. धोबी तलावाला कयानी आणि त्याच्या समोर बास्तानी. कयानी १९०४ सालचे, आणि या दोघांच्या मधून रस्ता ओलांडताना आज कुठे ब्रून पाव ताजा असेल याचा अंदाज आम्ही वासावरून घेत असू. बास्तानी २००४ मध्ये बंद झाले. तिथल्या सूचनांच्या पाटीवरून निस्सिम इझिकेल यांनी कविता केली होती, ती ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल की फार वेळ बसू नये, काही मागविल्याशिवाय पत्र लिहीत बसू नये आणि केस विंचरू नयेत, अशी त्या पाटीची ताकीद होती. इराणी बसू देई, पण गल्ल्यावरून नजर ठेवून. तरी तिथे कोणाला संकोच वाटत नसे, कारण टॅक्सीवाला, वकील, संगमरवरी टेबलावर वही पसरून बसलेला कॉलेजचा मुलगा, सगळ्यांना एकच ताकीद आणि एकच पाणी कम चाय. समोवारची आठवण काढताना बास्तानीचीही काढावी, एवढीच विनंती आहे. शहरातल्या बसण्याच्या जागांचा इतिहास केवळ चित्रकारांच्या आणि कवींच्या नावांनी लिहिला गेला, तर त्यातून बहुसंख्य बसणारे गळतात.

कवींचा विषय निघालाच आहे तर काळ्या घोड्याच्या चौकातल्या 'वेसाइड इन'विषयीही लिहितो. अरुण कोलटकर दर गुरुवारी तिथे बसत. ज्या खिडकीतून त्यांनी आपल्या कवितांतला तो वाहतुकीमधला त्रिकोणी तुकडा, तिथली कुत्री आणि तिथली माणसे पाहिली, ती खिडकी असलेले उपाहारगृह त्यांच्या हयातीतच बंद झाले आणि त्यांची बैठक मिलिटरी कॅफेत हलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वेसाइड इनमध्ये बसून लेखन करीत, असेही तिथले जुने लोक सांगत. अशी जागा गेली तेव्हा फारसा गाजावाजा झाल्याचे मला आठवत नाही. समोवारच्या वेळी निदान शहर हळहळले.

प्रतिसाद ३ : फोर्टातला वाचक

गिरगाव नाका, आपण मांडलेली बाजू मला पूर्णपणे मान्य आहे. संकोचाविषयी आपण जे लिहिले आहे ते माझ्या अनेक सहकाऱ्यांनीही मला सांगितले होते. त्यात एक भर घालतो. समोवारमध्ये भाव त्या परिसराच्या मानाने कमी होते, आणि एकदा आत शिरलेल्या मराठी मुलाला तिथल्या वेटरांनी कधी परके वाटू दिले नाही; मी स्वतः तिथे वर्षानुवर्षे मराठीतच मागवीत आलो. पण दारातून आत शिरण्याचे पहिले पाऊल हे स्वतंत्र प्रकरण असते, हे खरे.

आपण बास्तानीचा उल्लेख केलात म्हणून एक वेगळा मुद्दा पुढे ठेवतो. मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ साली नियमावली झाली. तिने अनेक जुन्या इमारती वाचविल्या, याबद्दल शंका नाही. पण ती इमारतीचा दर्शनी भाग जपते, तिथली कमान, सज्जा आणि जिना जपते; त्या कमानीखाली कोण काय शिजवते याच्याशी तिला कर्तव्य नसते. त्यामुळे तळमजल्यावरचे हॉटेल जाऊन तिथे बँक आली, तरी वारसा कागदोपत्री शाबूत राहतो. इराण्यांच्या बाबतीत कारणे आणखी गुंतागुंतीची आहेत: भागीदारांचे मतभेद, पुढच्या पिढीने घेतलेली वेगळी शिक्षणे, कोपऱ्यावरच्या जागेला आलेला भाव. रस्त्याच्या कोपऱ्यावरची, दोन्ही बाजूंनी उघडी जागा इतरांना नको असे म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे म्हणतात, आणि पुढे तीच सर्वांना हवीशी झाली. आपण ज्या उपाहारगृहांसाठी हळहळतो त्यांतली फार थोडी चवीच्या अभावी गेली. बहुतेक जागेपायी गेली.

ग्रँट रोडच्या मेरवानचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. १९१४ सालचे हे हॉटेल २०१४ मध्ये बंद होणार अशी बातमी आली, मावा केकसाठी झुंबड उडाली, आणि नंतर थोड्याच काळात ते पुन्हा उघडले. त्या झुंबडीतल्या अनेकांनी आधीची दहा वर्षे तिकडे पाऊल टाकले नव्हते, हे मी स्वतः त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

प्रतिसाद ४ : खाडीपलीकडे

मी सध्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहतो, मूळचा दादरचा. वरच्या मुद्द्याला जोडून इथली एक माहिती देतो, कारण ती या चर्चेत उपयोगी पडेल असे वाटते.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१५ मध्ये, म्हणजे योगायोगाने समोवार ज्या वर्षी गेले त्याच वर्षी, जुन्या व्यवसायांची एक अधिकृत नोंदवही सुरू केली. साधारण तीस वर्षांहून अधिक काळ चाललेला आणि परिसराच्या ओळखीत ज्याचा वाटा आहे असा व्यवसाय तिच्यात नोंदविता येतो. मग ते उपाहारगृह असो, पुस्तकांचे दुकान असो की चपला दुरुस्त करणारा कारागीर. त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी या व्यवसायांसाठी निधी मंजूर केला, आणि त्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला भाग असा की अनुदान केवळ दुकानदाराला नसून, जो घरमालक अशा दुकानाला दहा वर्षांचा किंवा त्याहून मोठा भाडेकरार करून देईल त्यालाही मिळते. म्हणजे घरमालकाला सक्ती नाही आणि उपदेशही नाही. जुना भाडेकरू ठेवण्यात त्याचाही थोडा फायदा आहे. याने सर्व काही वाचले असे मुळीच नाही, इथेही आवडती ठिकाणे बंद होतच असतात. पण शहराने या गोष्टीला नाव दिले, यादी केली आणि पैसे बाजूला ठेवले.

मुंबईत अशी यादी करायला बसलो, तर दादरचे मामा काणे (१९१०) आणि धोबी तलावाचे कयानी ही नावे लगेच समोर येतात. ती आज चालू आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल आजच बोलायला हवे असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ५ : पाटावरवंटा

सर्व प्रतिसाद वाचले. मी चित्रकार नाही, माझे पती त्या व्यवसायात होते, आणि त्यांच्या प्रदर्शनाच्या आठवड्यात माझे दुपारचे जेवण समोवारमध्ये होई. त्यामुळे मी फक्त जेवणाविषयी लिहिते, कारण एवढ्या मोठ्या चर्चेत त्याला फारच थोडी जागा मिळाली आहे.

पेरूचा रस हा तिथला माझ्या विशेष आवडीचा. त्या काळी बाहेर मोसंबी आणि उसाच्या पलीकडे रस फारसे मिळत नसत, त्यामुळे पेरूचा ग्लास समोर आला की त्याचे अप्रूप वाटे. बोटी रोल मुलांना प्रिय. आणि कीमा पराठा, ज्याचा धागाकर्त्यांनी उल्लेख केला, तो बाजारात नेहमी मिळणाऱ्या पराठ्यांपेक्षा वेगळा का लागे याचा मी घरी बराच शोध घेतला. समोवारची कृती माझ्याकडे नाही आणि तसा दावाही मी करणार नाही. माझ्या हाताला जे जमले ते सांगते. खिमा शिजल्यावर त्यातले पाणी पूर्ण आटले पाहिजे. झाकण काढून, मोठ्या आचेवर, कडेने तेल सुटून खिमा मोकळा होईपर्यंत परतायचा आणि मग ताटात पसरून पूर्ण गार करायचा. कोमट खिमा भरला तर वाफेने पारी आतून ओली होते आणि लाटताना हमखास फाटते. कणीक नेहमीच्या पोळीपेक्षा थोडी सैल, आणि भिजवून निदान अर्धा तास झाकलेली. कांदा खिम्यात घालायचा असेल तर शिजवताना घालावा. भरताना कच्चा घातला की त्याला पाणी सुटते. हिरवी मिरची आणि कोथिंबीर मात्र गार झाल्यावर. तव्यावर आधी कोरडा भाजून, मग कडेने तूप. याने चव जवळपास येते. सोबत घट्ट दही हवेच.

एक गोष्ट आवर्जून नोंदवते. मी तिथे अनेकदा एकटी बसले आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात एखाद्या बाईने एकटीने हॉटेलात जाऊन, पुस्तक उघडून, तासभर निवांत बसणे ही मुंबईतही सोपी गोष्ट नव्हती. बहुतेक ठिकाणी 'फॅमिली रूम'च्या पडद्याआड बसवीत. समोवार एका बाईने चालविलेले होते, त्यामुळे असेल किंवा आणखी कशामुळे, पण तिथे मला कोणी पडद्याआड पाठविले नाही आणि कोणी वळूनही पाहिले नाही. गिरगाव नाका यांनी ज्या संकोचाविषयी लिहिले तो खरा आहे, आणि मला मिळालेला हा मोकळेपणाही तितकाच खरा आहे.

धागाकर्ता : रेषारंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके तपशीलवार आणि प्रामाणिक प्रतिसाद येतील अशी अपेक्षा नव्हती.

पाटावरवंटा यांनी लिहिलेला शेवटचा परिच्छेद मी भाचीला वाचून दाखविला. तिला 'फॅमिली रूम' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले. 'छोटी सी बात'मधला प्रसंगही आम्ही पाहिला. तिने तो थांबवून थांबवून टेबलांची मांडणी वहीत रेखाटून घेतली आहे.

गिरगाव नाका यांचा मुद्दा मी मनावर घेतला आहे. आमच्या वर्गातही काही मुले आमच्याबरोबर समोवारपर्यंत येऊन बाहेरच्या बाहेर निघून जात, आणि त्यांना गाडी गाठायची असेल असे आम्ही धरून चालत होतो. त्यांतल्या दोघांशी माझा अजून संपर्क आहे. त्यांना मी या धाग्याचा दुवा पाठविला असून त्यांनी स्वतःच्या शब्दांत इथे लिहावे अशी विनंती केली आहे.

खाडीपलीकडे यांनी सुचविलेल्या यादीसाठी मी नवा धागा काढतो. त्यात फक्त आज चालू असलेली, तीस वर्षांहून जुनी उपाहारगृहे घेऊ या. मुंबईपुरती मर्यादा नको, पुणे, कोल्हापूर, नागपूर, पणजी कोठलीही चालतील. प्रत्येकाने ठिकाण, सुरू झाल्याचे साल ठाऊक असल्यास ते, तिथला एखादा पदार्थ आणि जागा स्वतःची आहे की भाड्याची, एवढे लिहावे. जागेविषयीची माहिती गल्ल्यावर बसलेल्या माणसाला नीट विचारली तर बहुधा तो सांगतो. मी सुरुवात कयानीपासून करतो. या शनिवारी तिकडे जाणारच आहे.